ताकद वाढवली आणि ट्रक स्टार्टच घेईना

या वेळच्या टपालात एकाच दुखण्याची पत्रे जास्त आहेत. कोणी इंजेक्टर बदलले, कोणी पंप, कोणी इंजिनाच्या कंप्युटरमधली फाइल (डिझेल किती आणि कधी सोडायचे ते ठरवणारा प्रोग्रॅम). काम संपवून चावी फिरवली तर सेल्फ फिरतो, इंजिन मात्र स्टार्ट घेत नाही. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

सगळ्यांना लागू पडणारी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सेल्फ मारताना सायलेन्सरच्या तोंडाकडे बघायला एक माणूस उभा करा. धूर अजिबात नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही, म्हणजे उष्णता कमी, कॉम्प्रेशन कमी किंवा टायमिंग चुकलेले. काळा धूर सोडून इंजिन बंद पडत असेल तर हवा अडली आहे. एवढे बघितल्याशिवाय एकही नट सैल करू नका. आणि सलग १५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये दोन मिनिटे थांबा, नाहीतर मूळ दुखणे सापडण्याआधी सेल्फ जळेल.

प्रश्न : कॉमन रेल इंजिनाला सहाही इंजेक्टर मोठ्या नोझलचे बसवले, त्यांच्यासाठी बनवलेली फाइलही टाकली. सेल्फ जोरात फिरतो. धूर नाही, फॉल्ट कोड नाही. फाइल चुकीची असेल का?

फाइलवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. जुन्या फाइलवर मोठी नोझल चालवली तरी इंजिन सहसा स्टार्ट होते. धूर सोडते, ठोकते, रेस धड धरत नाही, पण स्टार्ट होते. तुमच्याकडे धूरच नाही, म्हणजे इंजेक्टर उघडतच नाहीत. आणि ते बहुधा उघडत नाहीत ते रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना उच्च दाबाचे डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, पुरेसा दाब नाही म्हणून. दाब एका ठरावीक आकड्याच्या वर गेल्याशिवाय कंप्युटर इंजेक्टरला वीज सोडत नाही. हा आकडा इंजिनानुसार साधारण १५० ते ३५० बारच्या दरम्यान असतो, तुमच्या इंजिनाचा नेमका किती ते मॅन्युअलमध्ये मिळेल. कोड नाही याचे नवल वाटू देऊ नका. दाब कमी असल्याचा पी ००८७ हा कोड बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू असतानाच नोंदला जातो, नुसता सेल्फ मारून येत नाही.

आधी बॅटरी बघा. काम दोन-तीन दिवस चालले असेल, दरवाजा उघडा राहिला असेल, तर ती निम्मी उतरलेली असते. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट हवेत, सेल्फ मारताना १० च्या खाली जायला नको. २४ व्होल्टच्या ट्रकला हे आकडे दुप्पट धरा. दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतील तर सोडवून एकेक तपासा, कारण एक मेलेली बॅटरी दुसरीलाही खाली ओढते. मग मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर ठेवा (क्लॅम्पवर नाही, खांबावर), दुसरे इंजिनाच्या ब्लॉकवर, आणि सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग कच्चे आहे. बरेचदा हेडवरची अर्थची पट्टी परत लावायची राहिलेली असते किंवा रंगावरच आवळलेली असते.

बॅटरी ठीक असेल तर स्कॅनर लावून तीन गोष्टी एकाच पडद्यावर घ्या : इंजिनाचे फेरे, रेलचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब. फेरे मिनिटाला १५० च्या वर हवेत. इंजिन बंद, चावी चालू अशा स्थितीत दाब शून्याच्या आसपास आणि सेन्सरचा व्होल्टेज ०.५ च्या जवळ दिसायला हवा. तो तसा नसेल तर सेन्सर किंवा त्याचा प्लग तपासा. सेन्सर बरोबर आहे आणि सेल्फ मारताना दाब ४०-५० बारवरच घुटमळतो आहे, तर पंप दाब बनवतो आहे पण तो कुठेतरी निसटतो आहे, किंवा पंपाला डिझेलच पुरत नाही.

इंजेक्टर बदलल्यावर दाब निसटण्याची नेहमीची जागा म्हणजे हेडमधून आडवी जाणारी जोडनळी, जिथे ती इंजेक्टरच्या अंगाला टेकते. तिथे रबरी सील नाही, धातूवर धातू बसतो. इंजेक्टर केसभर फिरलेला असला तरी नळीचे टोक वाकडे टेकते आणि सगळे डिझेल हेडच्या आतून परतीच्या वाटेने टाकीत जाते. बाहेर एक थेंब दिसत नाही. म्हणून आवळण्याचा क्रम महत्त्वाचा असतो : इंजेक्टरची पकड हाताने टेकवायची, जोडनळीचा नट हलका लावायचा म्हणजे इंजेक्टर स्वतःच सरळ होतो, मग पकड आवळायची आणि शेवटी नळीचा नट पूर्ण टॉर्कवर न्यायचा. ज्यांनी आधी इंजेक्टर गच्च केला आणि मग नळी दाबली त्यांचे काम परत निघते.

दुसरी चूक दिसायला क्षुल्लक आहे. जुना तांब्याचा वॉशर इंजेक्टरबरोबर वर येत नाही, भोकाच्या तळाला चिकटून राहतो, काजळीत काळा पडलेला असतो आणि टॉर्चच्या उजेडातही तळासारखाच दिसतो. त्यावर नवा वॉशर बसला की इंजेक्टर वॉशरच्या जाडीएवढा वर राहतो. मग जोडनळी नीट टेकत नाही आणि फवारा पिस्टनच्या वाटीत योग्य जागी पडत नाही. जुने वॉशर सहा निघाले का, हे मोजूनच पुढे जायचे.

गळती सिद्ध करायला परतीची नळी सोडून बाटलीत घ्या आणि १५ सेकंद सेल्फ मारा. थेंब-थेंब येणे ठीक, धार लागली तर इंजेक्टर किंवा त्यांच्या नळ्या दोषी. कोणता सिलिंडर ते शोधायला रेलचे एकेक तोंड त्याच दाबाच्या टोपीने बंद करून पुन्हा सेल्फ मारतात. जे तोंड बंद केल्यावर दाब एकदम चढतो, तो सिलिंडर धरा. टोपी या कामासाठी बनवलेलीच हवी, घरगुती बोल्ट नको. आणि उच्च दाबाच्या नळीची गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. हा दाब डिझेल कातडीत घुसवतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण ती शस्त्रक्रियेची जखम असते, ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते.

इंजेक्टरच्या परतीची नळी जवळजवळ कोरडी असेल तर रेलवरचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह बघा. त्याच्या परतीतून सेल्फ मारताना डिझेल येता कामा नये. त्याजागी सरळ बूच मारण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका, तो व्हॉल्व्ह रेल फुटू नये म्हणून आहे. तोही कोरडा असेल तर पंपाकडे वळा : डिझेल पोचते का, त्यात हवा आहे का, पंपात किती डिझेल घ्यायचे ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह अडकला आहे का. सीपी ४ जातीचा उच्च दाबाचा पंप असेल तर मीटरिंग व्हॉल्व्ह काढून त्याच्या जाळीवर चमकी आहे का बघा. चांदीच्या वर्खासारखे कण दिसले तर सेल्फ मारणे तिथेच थांबवा. पंपाने आतला धातू सोडला आहे, आणि प्रत्येक फेऱ्यागणिक तो तुमच्या नव्या इंजेक्टरांत जातो आहे.

इंजेक्टरवर कोरलेले दुरुस्तीचे आकडे कंप्युटरमध्ये भरायचे राहिले असतील तर भरून टाका. पण त्यामुळे इंजिन खडबडीत चालते, बंद राहत नाही.

प्रश्न : इलेक्ट्रिक लिफ्ट पंप आणि दोन मोठे फिल्टर बसवले. दिवसा ठीक चालतो. रात्रभर उभा राहिला की सकाळी बराच वेळ सेल्फ खातो, आज तर घेतच नाही.

लिफ्ट पंप म्हणजे टाकीतून डिझेल ओढून उच्च दाबाच्या पंपाला देणारा पंप. रात्रीतून लाइन रिकामी होते आहे, म्हणजे पंपाच्या ओढणाऱ्या बाजूने कुठेतरी हवा शिरते. इथे लोक फसतात ते असे : दाबाच्या बाजूची गळती खाली ठिपकते, ओढणाऱ्या बाजूची ठिपकत नाही, ती हवा आत घेते. जमीन कोरडी आहे म्हणून लाइन चांगली ठरत नाही.

फिल्टरनंतर हातभर पारदर्शक नळी तात्पुरती टाका आणि बुडबुडे बघा. दिसले तर टाकीकडची नळी सोडवा, तिचे टोक बंद करा आणि लाइनमध्ये ०.२ ते ०.३ बार एवढीच हवा भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावा. बहुतेक वेळा दोष तीन जागी मिळतो. एक, झटपट जोडणीतली ओ-रिंग बसवताना कापली गेलेली. दोन, फिल्टरची जुनी रबरी रिंग बैठकीला चिकटलेली आणि तिच्यावर नवी. तीन, आट्यांवर गुंडाळलेली पांढरी टेप. तिचे तुकडे पंपात आणि व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात. आट्यांना द्रव सीलंट लावा, तेही पहिल्या दोन आट्या सोडून.

टाकीत नवी ओढनळी घातली असेल तर तिचे टोक तिरके कापलेले आणि तळापासून थोडे वर हवे. सरळ कापून तळाला टेकवली तर ती स्वतःचे तोंड स्वतःच बंद करते.

वायरिंगही बघा. पंपाचा रिले बरेचदा मूळ लिफ्ट पंपाच्या वायरवरून इशारा घेतो, आणि ती वायर चावी चालू केल्यावर थोडे सेकंदच जिवंत असते. त्यामुळे फिल्टर बदलल्यावर सेल्फ न मारता चावी तीन-चार वेळा चालू-बंद करा, पंपाचा आवाज भरीव होईपर्यंत. दाबाचा काटा लावलेला असेल तर सीपी ३ जातीच्या उच्च दाबाच्या पंपाला ०.५ ते ०.८ बार पुरेसे आहेत. तिथे दाब बरोबर आणि तरी इंजिन घेत नसेल तर वरच्या उत्तराकडे जा.

प्रश्न : जुन्या १२ व्हॉल्व्ह इंजिनाच्या इन-लाइन पंपाचे टायमिंग १६ अंशांवर नेले. एकदा स्टार्ट झाला, खडखडला आणि बंद पडला. आता पांढऱ्या धुराचे लोट, पण घेत नाही.

पंपाचा गिअर शाफ्टवर घसरला आहे. या पंपाच्या निमुळत्या शाफ्टला चावी (गिअर जागेवर अडकवणारी धातूची पट्टी) नसते, गिअर निव्वळ घर्षणावर धरलेला असतो. त्या दोन पृष्ठभागांत तेलाचा पुसट थर राहिला तरी नट कितीही आवळा, पहिल्याच झटक्याला गिअर सरकतो, टायमिंग मागे पडते आणि डिझेल उशिरा पडून न पेटता धूर होऊन बाहेर जाते.

गिअर पुलरने सोडवा. शाफ्टचा निमुळता भाग आणि गिअरचे भोक दोन्ही ब्रेक क्लीनरने धुवा, मग पांढऱ्या फडक्याने पुसा. फडके पांढरेच राहीपर्यंत हे करत राहायचे. इथे कंटाळा केला की सगळे काम दुसऱ्यांदा. त्यानंतर भोकात बोटही घालू नका, बोटाचेही तेल लागते.

आता पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) आणा. पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे एक्झॉस्टच्या टीडीसीवर बसवले तरी खुणा जुळतात आणि धूर असाच पांढरा येतो. खात्री अशी करा : पहिल्याचे दोन्ही रॉकर सैल हवेत, आणि क्रँक किंचित मागे-पुढे केला तर सहाव्याचे व्हॉल्व्ह डुलायला हवेत, एक मिटतो तोच दुसरा उघडतो. डुलणारे व्हॉल्व्ह पहिल्याचे असतील तर क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा.

डायल गेजने प्लंजरचा उठाव बघून पंप जागेवर आणा. गिअर हाताने दाबा, दातांमधली मोकळीक एका बाजूला काढा आणि नट १०-१५ न्यूटन मीटरवर टेकवा. मग क्रँक धरून मॅन्युअलमधल्या टॉर्कवर न्या. जुळणीची पिन आत ठेवून नट आवळू नका, पिन तुटून तुकडा आत पडतो. शेवटी दोन फेरे फिरवून उठाव पुन्हा मोजा. आकडा बदलला असेल तर गिअर आवळतानाच सरकला.

पांढऱ्याऐवजी अजिबात धूर नसता तर रोख वेगळा असता. तेव्हा डिझेल बंद करणारा सोलेनॉइड पूर्ण वर उचलतो का हेच आधी बघायचे. गव्हर्नरच्या स्प्रिंग बदलताना त्याची दांडी हमखास हलते.

प्रश्न : फाइल टाकताना ६० टक्क्यांवर अडकली. आता सेल्फही फिरत नाही, स्कॅनर जोडला जात नाही. कंप्युटर गेला?

बहुधा नाही. लिहिण्याचे काम अर्ध्यात तुटले तरी सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम सहसा शाबूत असतो, आणि तोच पुन्हा फाइल घ्यायला पुरेसा असतो. घाईने बॅटरी सोडवू नका. स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर लावून १३ ते १३.५ व्होल्ट धरा. सेल्फ मारून द्यायच्या चार्जरचा ‘बूस्ट’ इथे नको, त्याची वीज खडबडीत असते. ब्लोअर, दिवे, रेडिओ बंद करा आणि ज्या उपकरणाने फाइल टाकली त्याच्या रिकव्हरी पद्धतीने आधी मूळ फाइल परत टाका, सुधारित नंतर.

स्कॅनर अजिबात बोलत नसेल तर तपासणीच्या सॉकेटमध्ये मीटर घाला. १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा व्होल्टेज हवा, ४ आणि ५ वर अर्थ. १६ वर काही नसेल तर फ्यूज उडाला आहे. बॅटरी सोडवून ६ आणि १४ मध्ये (कंप्युटर एकमेकांशी बोलतात ती लाइन) रोध मोजा, ६० ओहम यायला हवा. १२० आला तर लाइनच्या एका टोकाचा रोध तुटला, म्हणजे बरेचदा इंजिनाच्या कंप्युटरचा प्लगच नीट बसलेला नाही. दुसऱ्या ट्रकची फाइल जशीच्या तशी टाकली असेल तर चोरीविरोधी यंत्रणाही चावी ओळखायला नकार देते. त्यावर उपाय मूळ फाइलचाच.

प्रश्न : पुढचा डॅम्पर जाडजूड बसवला. आता सेल्फ फिरतो, पण स्कॅनरवर फेरे शून्य.

उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. डॅम्पर म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकावरचे कंपने शोषणारे चाक. काही इंजिनांत क्रँकचा सेन्सर त्याच्या दातेरी कड्यावरून फेरे मोजतो. नव्या डॅम्परला ते कडे नसेल, उलटे बसले असेल किंवा दातांची रचना वेगळी असेल तर कंप्युटरला इंजिन उभेच वाटते. जुने कडे शेजारी ठेवून दात मोजा. ‘६० वजा २’ रचनेत ५८ दात आणि दोनांची मोकळी जागा असते, ती मोकळी जागा कुठे येते तेही जुळले पाहिजे. मग सेन्सर आणि दात यांतले अंतर फिलर गेजने बघा, ते साधारण एक मिलिमीटर असते. क्लच किंवा फ्लायव्हील बदलल्यावर असेच झाले तर कडे मागच्या बाजूला शोधा.

प्रश्न : तेलाच्या दाबावर चालणारे इंजेक्टर आहेत, सगळे मोठे बसवले. दोन दिवस सेल्फ मारतो आहे.

या जातीत डिझेलच्या आधी तेल बघायचे. उच्च दाबाचे तेल साधारण ३५ बारपर्यंत चढल्याशिवाय इंजेक्टर हलत नाहीत. फोर्डच्या ६.० लिटर इंजिनात या तेलाच्या दाबाच्या सेन्सरवर सेल्फ मारताना किमान ०.८ व्होल्ट दिसायला हवेत. इंजेक्टर काढताना तेलाच्या रेल रिकाम्या होतात, त्या हाताने भरून घेतल्या नसतील तर आधी नुसती हवाच दाबली जाते. भरूनही दाब चढत नाही आणि तेलाचा दाब राखणाऱ्या नियंत्रक व्हॉल्व्हची आज्ञा ८५ टक्क्यांना जाऊन थांबली आहे, तर तेल निसटते आहे. सेन्सरच्या भोकातून ७ बार हवा सोडा, नियंत्रक व्हॉल्व्हला १२ व्होल्ट देऊन बंद ठेवा आणि व्हॉल्व्ह कव्हर काढून कान द्या. फुसफुस जिथे येते तिथली ओ-रिंग चिरलेली : इंजेक्टरच्या डोक्यावरची, उभ्या नळीची किंवा बुचाची. रिंग कोरडी बसवली की चिरते, आधी तेलात बुडवा.

दाब चांगला असेल तर इंजेक्टर चालवणाऱ्या पेटीचा व्होल्टेज घ्या. सेल्फ मारताना तो ४८ च्या आसपास हवा, ४५ च्या खाली गेला तर पेटी किंवा बॅटरी दोषी. आणि दोन दिवस सेल्फ मारल्यावर बॅटरीचा भरवसा धरू नका.

प्रश्न : स्टार्टिंग स्प्रे मारून बघू का?

हीटर प्लग किंवा इनटेकमध्ये जाळीचा हीटर असेल तर अजिबात नाही. स्प्रे तापलेल्या तारेवर पेटतो, इनटेक फुटते, पिस्टनच्या रिंगा तुटतात. ज्यांनी हवेची वाट मोठी करण्यासाठी जाळीचा हीटर काढून टाकला आणि आता थंडीत इंजिन घेत नाही, त्यांनीही स्प्रेची सवय लावू नये. ब्लॉक हीटर दोन-तीन तास लावा. कॉम्प्रेशन रेशो कमी करणारे पिस्टन घातले असतील तर थंडीतला पांढरा धूर हा त्या निवडीचाच भाग आहे. हीटर प्लग असतील तर ते तेवढे तपासा : प्रत्येकाचा रोध अर्धा ते दोन ओहम, अनंत दाखवला तर तो मेला.

प्रश्न : सेल्फ फिरता फिरता ‘ठक्’ करून अडकला. जोर लावू का?

नाही. नव्या इंजेक्टरचे टोक ठिपकत असेल तर रात्रीतून सिलिंडरमध्ये डिझेल साचते, हेड उघडले असेल तर पाणीही. द्रव दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळे हीटर प्लग किंवा इंजेक्टर काढा, भोकांवर फडकी टाका आणि इंजिन पान्याने हाताने फिरवा. कोणत्या भोकातून काय उडते ते बघा. डिझेल आले तर तो इंजेक्टर काढून तपासायला पाठवा, पाणी आले तर हेड पुन्हा उघडायचे.

प्रश्न : मोठा टर्बो बसवला. क्षणभर पेटतो, काळा धूर सोडतो आणि गुदमरून बंद पडतो.

टर्बो मोठा आहे म्हणून इंजिन बंद पडत नाही, त्या वेगाला टर्बो जेमतेम फिरत असतो. हवेची वाट अडली आहे. इंजिनाला लागणारा पाइप सोडा आणि एकदाच सेल्फ मारा. पाइपच्या तोंडाशी हात किंवा सैल कपडा नेऊ नका. इंजिन घेतले तर फिल्टरपासून तिथपर्यंत काहीतरी आहे, आणि ते काहीतरी बहुतेक वेळा काम करताना धूळ जाऊ नये म्हणून तोंडात कोंबलेले फडके असते. नाही घेतले तर इनटेकचा थ्रॉटल किंवा आणीबाणीत हवा बंद करणारी झडप मिटलेली आहे का बघा, आणि मग एक्झॉस्ट ब्रेकची झडप. तिची वायर उलटी लागली तर ती कायम बंद राहते.